सौद्याचा दर त्याच संध्याकाळी साईटवर कसा येईल

तुमचा प्रश्न नीट वाचला. तासगावात बेदाण्याचं अडत दुकान, साईट २०१६ साली करून घेतलेली, साध्या एचटीएमएलमधली नऊ-दहा पानं. सौदा झाला की मुनीमजी दर कागदावर लिहून त्याचा फोटो साईटवाल्या पोराला व्हॉट्सॲपला टाकतात, तो पुण्यात नोकरीला, त्याला सवड मिळाली की दोन-तीन दिवसांनी दर साईटवर चढतो आणि तोवर पुढचा सौदा आलेला असतो. आता एकजण म्हणतोय वर्डप्रेसवर घ्या, दुसरा म्हणतोय वर्डप्रेस हॅक होतं, अजिबात घेऊ नका. नक्की फरक काय पडतो आणि घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. मी सांगलीत विश्रामबागला बसून २००८ पासून हेच काम करतोय, आणि तुमच्यासारखा धंदा असेल तर मला यात शंका नाही. पण कशासाठी घ्यायचं ते आधी पक्कं करा, कारण बरेच जण साईट भारी दिसेल म्हणून सीएमएस (म्हणजे वर्डप्रेससारखं, साईटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतात आणि मग वर्षभरानं सांगतात की काय उपयोग झाला नाही. साईट साध्या एचटीएमएलमध्येसुद्धा सुंदर करता येते. सीएमएसनं होतं काय, तर ज्याच्याकडं माहिती आहे त्याच्याच हातात ती बदलायची सोय येते. आज दर माहीत मुनीमजींना आणि साईटची किल्ली पुण्यातल्या पोराकडं, तुमचं सगळं दुखणं इथं आहे. पोराचा यात काही दोष नाही बरं का, त्यानं तेव्हा जे मागितलं ते करून दिलं.

आत्ता दर बदलताना काय होतं बघा. एचटीएमएलच्या साईटवर प्रत्येक पान म्हणजे एक सुटी फाईल, आणि त्या एका फाईलमध्ये तुमचा मजकूर, रंग, मेनू, तळाचा पत्ता, फोन नंबर सगळं एकत्र कालवलेलं असतं. पोरानं ती फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडायची, टेबलमधला आकडा शोधून बदलायचा, फाईलझिला नावाच्या सॉफ्टवेअरनं सर्व्हरवर चढवायची, आणि चढवली की आधीची फाईल पुसली जाते म्हणजे परवाचा दर काय होता ते आता साईटला माहीतच नाही. एखादं चिन्ह चुकून खोडलं की अख्खं टेबल वाकडं होतं. आणि फोन नंबर नऊ पानांच्या तळाला नऊ वेळा लिहिलेला असतो. माझ्याकडं मिरजेचं एक गिऱ्हाईक आलं होतं, तंबोरे-सतारी बनवणारं घर. त्यांचा नंबर बदलला, साईटवाल्यानं सगळीकडं बदलला, फक्त 'ऑर्डर कशी द्यावी' या एका पानावर जुनाच राहिला, आता ज्याला ऑर्डर द्यायची आहे तो माणूस नेमकं तेच पान वाचणार ना. कित्येक महिने हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भोपळा निवडण्यापासून जव्हारी लावण्यापर्यंत हातानं काम करणारी माणसं ती, त्यांचा एक फोन चुकला तरी मला आजही चुटपूट लागते.

सीएमएस कसं चालतं हे समजायला लांब जायला नको, तुमच्या दुकानातली हिशोबाची पट्टी घ्या. शेतकऱ्याला देता ती पट्टी प्रेसमधून छापून आणलेली असते, वर दुकानाचं नाव, मध्ये नग, वजन, दर, रक्कम असे रकाने, खाली हमाली-तोलाई. मुनीमजी फक्त रकाने भरतात. उद्या पट्टीचा रंग बदलायचा किंवा नवं बोधचिन्ह टाकायचं ठरलं तर प्रेसवाला बदलेल, मुनीमजींच्या लिहिण्यात काही फरक पडणार नाही, आणि मुनीमजींच्या हातून पट्टीवरचं दुकानाचं नाव कधी चुकणार नाही कारण ते त्यांना लिहायचंच नाहीये. सीएमएसमध्ये छापील पट्टी म्हणजे थीम, आणि भरलेली माहिती जाते डेटाबेसमध्ये, ती तुमची खतावणी म्हणा. कुणी साईट उघडली की सीएमएस त्या क्षणाला डेटाबेसमधून माहिती काढतं, थीमच्या रकान्यांत ओततं आणि पान तयार करून समोरच्याला देतं. वर्डप्रेसमध्ये हे काम पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा करते आणि माहिती मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये राहते, एवढी दोन नावं डेव्हलपरशी बोलताना माहीत असलेली बरी. फोन नंबर एका जागी बदलला की सगळ्या पानांवर बदलतो.

वर्डप्रेसच का, तर त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल या दोघांनी बी-टू नावाचं, मूळ करणाऱ्यानं सोडून दिल्यासारखं झालेलं सॉफ्टवेअर उचललं आणि त्यावर हे उभं केलं, तेसुद्धा लोकांना रोजचं लिखाण टाकता यावं म्हणून. म्हणजे नवी नोंद टाकायची, ती तारखेनं लागली पाहिजे, नवी वर, जुनी खाली, आणि महिन्याप्रमाणं मागचं सगळं सापडलं पाहिजे, हे त्याचं मूळचंच काम आहे. सौद्याच्या दराला दुसरं काय पाहिजे हो? शिवाय आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईट्स यावर चालतात, त्यामुळं उद्या तुमचं आणि डेव्हलपरचं पटलं नाही तर सांगलीत, कराडला, कोल्हापुरात दुसरा माणूस मिळतो. हा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानतो. एखादी कंपनी स्वतःचं बनवलेलं सीएमएस देते, दिसायला चांगलं असतं, पण कंपनी बंद झाली की त्याला हात लावणारा कुणी सापडत नाही.

आता खरी मेख कुठं आहे ते सांगतो, इथं नीट लक्ष द्या. वर्डप्रेस घेतलं म्हणजे झालं असं नाही, दराचं पान कसं बांधलंय यावर सगळं आहे. बरेच डेव्हलपर काय करतात, 'आजचे दर' नावाचं एक साधं पान करतात, त्यात पेज बिल्डरनं (माऊसनं ओढून पान जुळवायचं साधन) एक छान टेबल टाकतात आणि मुनीमजींना सांगतात की आत जाऊन आकडे बदला. आठवड्याभरात टेबल मोडतं. कुणाचा तरी अंगठा लागून रकाना सरकतो, ठळक अक्षरं साधी होतात, मोबाईलवर निम्मं टेबल स्क्रीनच्या बाहेर जातं, आणि मुनीमजी घाबरून परत कागदाचा फोटो पाठवायला लागतात. मी हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नवीन काम आलं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो, रोज कोण बदलणार आणि त्याला आत काय काय दिसणार.

दरासाठी वेगळा प्रकारच करून मागा. वर्डप्रेसमध्ये त्याला कस्टम पोस्ट टाईप म्हणतात, २०१० साली ३.० आलं तेव्हापासून ही सोय नीट वापरता येते. म्हणजे डाव्या मेनूत 'पोस्ट' आणि 'पान' यांच्या खाली 'सौदा दर' अशी स्वतंत्र ओळ दिसेल. ती उघडली की मोकळं पान यायला नको, रकाने यायला पाहिजेत. सौद्याची तारीख, बाजार तासगाव की सांगली, आवक, आणि मग हिरवा, पिवळा, काळा या प्रत्येकाला किमान, कमाल आणि सरासरी. आकड्याच्या रकान्यात आकडाच बसेल, तारखेच्या रकान्यात कॅलेंडर उघडेल. किमान दर कमालपेक्षा जास्त टाकला तर तिथंच लाल अक्षरात अडवलं पाहिजे, हे करायला डेव्हलपरला तासभरही लागत नाही पण कुणी आपणहून करत नाही, मागून घ्यावं लागतं.

मग संध्याकाळी काय होईल बघा. सौदा उरकला, मुनीमजी खुर्चीत बसले, मोबाईलवर साईटचं ॲडमिन उघडलं, 'नवीन दर' दाबलं, कागदावरचे दहा-अकरा आकडे भरले, एकदा ताडून बघितले आणि 'प्रकाशित करा' दाबलं. वर्डप्रेस मराठीत करता येतं, बटणांसकट, मुनीमजींना त्यानं फार धीर येतो हा माझा अनुभव आहे. तो एक दर आपोआप चार ठिकाणी जातो, पहिल्या पानावर 'ताजे दर' मध्ये, दरांच्या यादीत सगळ्यात वर, हिरव्या बेदाण्याच्या माहितीच्या पानावर, आणि त्या तारखेचं स्वतःचं एक पान तयार होतं. वर्षभरानं एखाद्या शेतकऱ्यानं विचारलं की मागच्या मार्चात पिवळ्याला काय निघालं होतं, तर ते तिथं असतंच. कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवून बसलेल्या माणसाला आत्ता काढायचा का थांबायचं हे ठरवायला मागचे दर समोर लागतात, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचा फळ्याचा फोटो महिन्याभरानं कुणाला सापडत नाही, गूगललाही सापडत नाही. ही दरांची साठत जाणारी वही दोन वर्षांत तुमच्या साईटचं सगळ्यात मोलाचं धन होईल असं मला अगदी मनापासून वाटतं.

दोन बारीक गोष्टी, पण यांच्यावरून पहिल्या आठवड्यात भांडणं होतात म्हणून आधीच सांगतो. एक म्हणजे वेळ. वर्डप्रेस नवीन टाकलं की त्याचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मुनीमजींनी संध्याकाळी सातला टाकलेला दर दुपारी दीडचा दिसतो आणि लोक म्हणतात सौदा सुरू असतानाच दर कसा टाकला. सेटिंग्जमध्ये जाऊन टाईमझोन कोलकाता करायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. दुसरं म्हणजे कॅश. साईट फास्ट उघडावी म्हणून तयार झालेलं पान साठवून ठेवतात आणि पुढच्या माणसाला तेच देतात, त्यामुळं दर टाकला तरी बाहेर जुनाच दिसतोय असं होतं. मुनीमजींना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं आणि ते तोच दर तीनदा टाकतात. डेव्हलपरला स्पष्ट सांगा की नवीन दर प्रकाशित झाला की पहिलं पान आणि दरांची पानं यांची कॅश आपोआप साफ झाली पाहिजे.

कुणाला काय करता येईल हे ठरवायची सोय सीएमएसमध्ये असते आणि ती वापराच. वर्डप्रेसमध्ये ॲडमिन, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर अशा पाच पायऱ्या आहेत. मुनीमजींना ऑथर द्या, ते स्वतःच्या नोंदी टाकतील, दुरुस्त करतील, पण 'आमच्याविषयी' पान त्यांच्या हातून पुसलं जाणार नाही. तुम्ही स्वतः रोजच्या कामाला एडिटर वापरा. ॲडमिनचं लॉगिन वेगळं ठेवा, ते फक्त प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचे जादा भाग), थीम, अपडेट अशा कामाला. सगळ्या दुकानाला एकच ॲडमिनचा पासवर्ड, तो पण कॅलेंडरवर लिहिलेला, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्यात काय बिघडलं असं वाटणाऱ्या माणसाला कसं समजवायचं हे अजून मला जमत नाही.

चुकलं तर परत येता येतं, एचटीएमएलच्या मानानं हा मोठा दिलासा आहे. पान किंवा पोस्ट सेव्ह केली की आधीचा मजकूर रिव्हिजन म्हणून राहतो, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता येतात आणि एका बटणावर जुना परत आणता येतो. काढून टाकलेली नोंद कचरापेटीत ३० दिवस राहते. फक्त एक लक्षात ठेवा, रिव्हिजन मुख्य मजकुराच्या हमखास राहतात, आपण दरासाठी जे वेगळे रकाने करतोय त्यांच्या राहतील की नाही हे डेव्हलपरनं कशानं केलंय यावर आहे. विचारून घ्या, आणि नुसतं तोंडी नको, समोर एक दर बदलून परत आणून दाखवायला सांगा. पुढच्या तारखेला आपोआप प्रकाशित व्हायची सोयही आहे, दिवाळीच्या आधी सौदे बंद राहतात त्याची सूचना आधीच लिहून ठेवता येते. पण वर्डप्रेसचं हे घड्याळ कुणीतरी साईट उघडली की चालतं, वर्दळ कमी असेल तर सूचना उशिरा पडते, म्हणून होस्टिंगवरून (साईट ठेवायला भाड्यानं घेतलेली जागा) क्रॉन लावून घ्यायचं. डेव्हलपरला एवढा शब्द सांगितला की कळेल.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मोबाईलचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. वर्डप्रेस चढवलेल्या फोटोच्या लहान-मोठ्या प्रती स्वतः करतं आणि मोबाईलवाल्याला लहान, कॉम्प्युटरवाल्याला मोठी अशी देतं, २०१५ पासून हे आतूनच होतं. तरीपण ट्रेमधल्या मालाचे चाळीस फोटो तसेच ढकलू नका, होस्टिंगची जागा भरते आणि बॅकअप जड होतो.

मराठीबद्दल मात्र जरा जास्त सांगावंसं वाटतं. तुमचा जुना मजकूर डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असणार, ती अक्षरं दिसतात मराठी पण आत इंग्रजी असतात. सीएमएसमध्ये पेस्ट केला की नुसता गिचमिड कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा माणसानं डोळ्याखालून घाला, कारण कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकवतात. आणि पानाचा पत्ता मराठीत ठेवू नका. तारखेसकट लांब मराठी मथळा दिला की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता तयार करतं, त्यात आपलं एकेक अक्षर साठवताना नऊ चिन्हांचं होतं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, आणि पत्त्याची मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांत पत्ता तुटतो. 'तासगाव बेदाणा सौद्याचे दर' एवढ्यातच ती मर्यादा संपते, तारखेपर्यंत पोचतच नाही. मग सगळ्या दरांचे पत्ते सारखेच दिसतात, शेवटी नुसते दोन, तीन, चार असे आकडे लागत जातात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, लोकांना वाटतं व्हायरस आहे. मथळा मराठीत, पत्ता रोमन अक्षरांत आणि तारखेवरून आपोआप बनणारा, असं सेट करून घ्या.

आता हॅक होण्याचं. ज्यानं तुम्हाला भीती घातली तो खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. वर्डप्रेस स्वतः बरंच मजबूत आहे आणि २०१३ पासून सुरक्षेचे छोटे अपडेट ते आपणहून लावून घेतं. साईट फुटते ती बहुतेक वेळा तीन दारांनी, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगिन, सोपा पासवर्ड, आणि फुकट मिळालेली चोरीची पेड थीम. तिसऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सांगलीतल्या एका क्लासची साईट माझ्याकडं आली, गूगलवर त्यांचं नाव टाकलं की खाली जपानी भाषेत कसल्या तरी स्वस्त वस्तूंच्या जाहिराती दिसायच्या, आणि साईट उघडली तर सगळं ठीक. आधीच्या डेव्हलपरनं पैसे वाचवायला क्रॅक केलेली थीम टाकली होती आणि त्या थीममध्येच चोरदार ठेवलेलं होतं, ते गूगलला वेगळं पान दाखवायचं आणि माणसाला वेगळं. साफ करायला मला चार दिवस लागले, पण गूगलमधून ती घाण जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला, आणि तो काळ नेमका ॲडमिशनचा होता. थीमचं आणि पेड प्लगिनचं बिल तुमच्या नावानं मागा, बिल नाही म्हणाला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

प्लगिन जितकी कमी तितकं बरं. तुमच्या साईटला दराच्या रकान्यांसाठी एक, फॉर्मसाठी एक, बॅकअपचं एक, कॅशचं एक, सुरक्षेचं एक, एवढ्यात काम भागतं. बर्फ पाडणारं, घड्याळ दाखवणारं, भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारं असलं काही नको. प्रत्येक प्लगिन म्हणजे अनोळखी माणसाला दिलेली गोदामाची किल्ली आहे आणि तो माणूस उद्या काम सोडून गेला तरी किल्ली तिथंच राहते. महिन्यातून एकदा, सौदा नसेल त्या दिवशी, आधी बॅकअप मग अपडेट मग साईट उघडून दर आणि फॉर्म दोन्ही चालतात का बघायचं. अपडेटचं काम कोण करणार, तुम्ही का डेव्हलपर, आणि त्याचे वर्षाचे किती, हे साईट सुरू होण्याआधी लिहून घ्या. सीएमएसची खरी किंमत इथं असते, वर्डप्रेस फुकट आहे पण त्याची निगा फुकट नाही. एचटीएमएलच्या साईटला हे नव्हतं, ती दहा वर्षं तशीच पडून राहिली तरी चालली, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे.

बॅकअपबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, म्हणजे किती ते तुम्ही बघितलंच असेल. गणपती पेठेत माझं एक गिऱ्हाईक आहे, औषधांचा होलसेल धंदा. दुकान पाण्यात, कॉम्प्युटर पाण्यात, आणि साईटचा बॅकअप ज्या हार्डडिस्कवर होता ती डिस्क त्याच कॉम्प्युटरच्या शेजारी ड्रॉवरमध्ये. साईट मात्र होस्टिंगवर होती म्हणून चालू राहिली. त्यांच्या मुलानं मिरजेला पाहुण्यांच्या घरी बसून मोबाईलवरून लॉगिन केलं आणि पहिल्या पानावर चार ओळी टाकल्या, दुकान बंद आहे, माल अमुक ठिकाणी हलवलाय, या नंबरवर फोन करा. मेडिकलवाले तालुक्यातून ती साईट बघून फोन करत होते. त्या दिवसांत मी स्वतः घराबाहेर पडू शकत नव्हतो, त्यांनी मला फोन केला असता तरी मला काही करता आलं नसतं, आणि त्यांना तो करावाही लागला नाही. ते आठवलं की मला वाटतं हे काम शिकलो ते बरं झालं. पाणी उतरल्यावर पहिलं काम आम्ही केलं ते बॅकअपची जागा बदलायचं. तेव्हापासून माझा नियम आहे, रोज रात्री डेटाबेसचा आणि आठवड्याला अख्ख्या साईटचा बॅकअप, होस्टिंगच्या बाहेर गूगल ड्राईव्हसारख्या ठिकाणी, आपोआप. आणि वर्षातून दोनदा तो बॅकअप दुसऱ्या जागी उघडून बघायचा, कारण उघडून न बघितलेला बॅकअप आहे का नाही हे गरजेच्या दिवशीच कळतं.

किल्ल्या कुणाकडं, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. डोमेन (म्हणजे साईटचं नाव), होस्टिंग आणि सीएमएसचं ॲडमिन या तीन वेगळ्या किल्ल्या आहेत. तिन्ही तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, पैसे तुमच्या खात्यातून. माझ्या एका गिऱ्हाइकाचं डोमेन आधीच्या डेव्हलपरनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, पुढं तो फोन उचलेना, मुदत संपली आणि दहा-बारा वर्षं गाडीवर, बिलावर, पिशवीवर छापलेलं नाव गेलं. शेवटी दुसरं नाव घ्यावं लागलं. तुमच्या पुण्याच्या पोराला आजच विचारा की डोमेन कुणाच्या नावानं आहे आणि मुदत कधी संपते, बाकी सगळं नंतर.

दुसरे पर्याय पण आहेत ते थोडक्यात सांगतो. ड्रुपल ताकदीचं आहे, मोठी विद्यापीठं, सरकारी खाती, जिथं पंचवीस विभाग आणि प्रत्येकाची मंजुरी वेगळी तिथं ते शोभतं, पण तुमच्या नऊ पानांना ते म्हणजे उसाची मोळी न्यायला मालगाडी, शिवाय त्याच्या एका आवृत्तीवरून पुढच्यावर जायचा खर्च मोठा असतो, ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला तेव्हा त्यावर राहिलेल्यांना नव्यानंच बांधणी करावी लागली. जूमला चालतं पण इकडं त्याचा जाणकार शोधावा लागतो. विक्ससारखं तयार घेतलं तर अपडेट-बॅकअपची कटकट नाही, मात्र दरमहा भाडं आणि उद्या सामान उचलून दुसरीकडं जाता येत नाही. बेदाण्याची पाकिटं थेट ऑनलाईन विकायची असतील तर शॉपिफायचा विचार करा नाहीतर वर्डप्रेसवरच वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन, पण दर दाखवायला दुकान कशाला. आणि जर तुमचे दर साईटवर टाकायचेच नसते, नुसता पत्ता, फोन, चार फोटो एवढंच असतं, तर मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं असतं की आहे ती एचटीएमएल ठेवा. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या दोघा-तिघांना मी असं परत पाठवतो.

आता करायचं कसं. आठ-दहा पानांची साईट हलवायला मला साधारण आठवडा लागतो, त्यातले दोन दिवस नुसते मजकूर तपासण्यात जातात. जुनी साईट चालू ठेवून नवी शेजारी तात्पुरत्या पत्त्यावर उभी करायची, आणि मुनीमजींना तिथं चार सौदे खरेखुरे टाकायला लावायचे, तुम्ही शेजारी बसून बघायचं की ते कुठं अडखळतात. ते जिथं अडतील तिथं रकाना बदलायचा, मुनीमजींना बदलायला लावायचं नाही. एका ठिकाणी मुनीमजी आधी काळा बेदाणा लिहायचे आणि फॉर्ममध्ये तो शेवटी होता, एवढ्यावरून दर उलटे पडत होते, रकान्यांचा क्रम त्यांच्या कागदासारखा केला आणि चूक बंद झाली.

आणि जुन्या साईटच्या सगळ्या पानांचे पत्ते एका कागदावर उतरवून ठेवा. नवी सुरू होईल तेव्हा प्रत्येक जुना पत्ता त्याच्या नव्या पानावर ३०१ नं (पत्ता कायमचा बदलला असं सांगणारा आकडा) वळवायचा असतो, नाहीतर गूगलवरून आणि जुन्या मेसेजमधल्या लिंकवरून येणारा शेतकरी 'पान सापडत नाही' बघून परत जाईल. यादी तयार झाली आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते कळलं की सांगा, कुठलं पान कुठं वळवायचं ते मी एकेक बघून देतो.